कमावलेली झडप

मराठीत 'कमावणे' हे क्रियापद दोन वेगळ्या व्यवहारांत वावरते. पैसा कमावतात, नाव कमावतात. आणि कातडेही कमावतात. जनावराचे कच्चे कातडे थोड्याच दिवसांत कुजू लागते. तेच बाभळीच्या सालीच्या किंवा हिरड्याच्या पाण्यात मुरवले की वर्षानुवर्षे टिकते. कातड्याच्या बाबतीत कमावणे म्हणजे त्याला कुजण्याच्या क्रमातून बाहेर काढणे. आणि त्यासाठी त्यात उरलेसुरले जे सजीवपण असेल ते संपवणे. गेली सुमारे साठ वर्षे शल्यवैद्यक माणसाच्या हृदयात जी एक वस्तू बसवत आले आहे, तिचा इतिहास हा याच व्यवहाराचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते. डुकराच्या हृदयातील झडप किंवा गाईबैलांच्या हृदयावरणाचा तुकडा घ्यायचा, तो रसायनात कमवायचा आणि माणसाच्या निकामी झडपेच्या जागी शिवायचा. अशी झडप बहुधा दहा-पंधरा वर्षे उत्तम चालते आणि मग जीर्ण होते. ती का जीर्ण होते, या प्रश्नाला प्रत्येक पिढीने वेगळे उत्तर दिले. या उत्तरांच्या ओघात एक गृहीतक कसे ढासळत गेले, ते पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय ठेवताना आम्हांला संकोच वाटत नाही, कारण प्रश्न अखेर वाचनाचा आहे. रुग्णाच्या छातीतून काढलेली जीर्ण झडप सर्वांच्या हातात सारखीच होती. ज्याला जे वाचता येत होते, ते त्याने तिच्यात वाचले.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. हृदयाला चार झडपा असतात आणि रक्त एकाच दिशेने वाहावे एवढेच त्यांचे काम. हे काम दिवसाला सुमारे एक लाख वेळा, म्हणजे वर्षाला साडेतीन ते चार कोटी वेळा करावे लागते. झडप आखडली किंवा गळू लागली तर हृदय हळूहळू थकते. १९५२ साली अमेरिकेत चार्ल्स हफनागेल यांनी प्लास्टिकच्या नळीत गोळी असलेली झडप रुग्णाच्या महारोहिणीत, हृदयापासून काही अंतरावर, बसवली. तिची टकटक शेजारी बसलेल्या माणसालाही ऐकू येई. १९६० मध्ये आल्बर्ट स्टार हे शल्यविशारद आणि लॉवेल एडवर्ड्स हे अभियंते यांनी पिंजऱ्यातल्या गोळीची झडप थेट हृदयात, द्विदली झडपेच्या जागी, यशस्वीपणे बसवली. यांत्रिक झडप टिकाऊ होती. पण परक्या पृष्ठभागावर रक्त गोठते, आणि गोठलेली गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. म्हणून अशा रुग्णाला रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. ते कमी पडले तर गुठळी, जास्त झाले तर रक्तस्राव. झडप टिकते, तिला सांभाळण्याचे ओझे रुग्णाने वाहायचे.

यावर दुसरा मार्ग म्हणजे निसर्गाने घडवलेलीच झडप वापरणे. १९६२ मध्ये लंडनमध्ये डोनाल्ड रॉस यांनी आणि ऑकलंडमध्ये ब्रायन बॅरट-बॉइझ यांनी मृत माणसाच्या देहातून काढलेली झडप हृदयात तिच्या मूळ जागी बसवली. रक्त तिच्यावर सहसा गोठत नसे. पण मृत माणसांच्या झडपा हव्या तेव्हा, हव्या त्या मापाच्या कुठून मिळणार? कत्तलखान्यात मात्र डुकरांच्या झडपांना तोटा नव्हता, आणि डुकराची झडप आकाराने माणसाच्या झडपेच्या पुष्कळ जवळची असते. १९६५ मध्ये पॅरिसमध्ये ज्यां-पॉल बिने, आलँ कार्पांतिए आणि त्यांचे सहकारी यांनी पाऱ्याच्या क्षारांच्या द्रावणात ठेवलेली डुकराची झडप माणसाला बसवली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण थोड्याच वर्षांत अशा झडपा निकामी होऊ लागल्या.

येथून वाचनाला सुरुवात होते. कार्पांतिए यांनी निकामी झडपा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसल्या. रुग्णाच्या शरीरातील दाहपेशी परक्या ऊतकात शिरल्या होत्या. आणि झडपेला बळ देणारे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन विस्कटले होते. शरीराने परके ओळखले आणि नाकारले, असे त्याचे वाचन झाले. मग उपाय असा की परकेपणाची खूणच पुसायची आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांना पक्के बांधायचे. त्यासाठी ग्लुटराल्डिहाइड हे रसायन हाताशी होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आहे त्या स्थितीत गोठवून पाहण्यासाठी ते १९६३ पासून वापरात आले होते, आणि कातडे कमावण्याच्या धंद्यालाही ते ठाऊक होते. प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये ते पूल बांधते. त्याने कमावलेले ऊतक कुजत नाही, ताणाला पुरते आणि शरीराच्या डोळ्यांना फारसे खुपत नाही. १९६८ पासून अशा झडपा रुग्णांना बसू लागल्या आणि १९६९ मध्ये कार्पांतिए यांनी या कामाचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

या वस्तूला त्यांनी दिलेले नावही पाहण्याजोगे आहे: बायोप्रॉस्थेसिस. प्रॉस्थेसिस हा शब्द वैद्यकात येण्यापूर्वी व्याकरणात होता. शब्दाच्या आरंभी एखादा ध्वनी नव्याने जोडला जातो, त्याला युरोपीय व्याकरणकार हे नाव देत. आपल्याकडे 'स्टेशन'चे 'इस्टेशन' आणि 'स्कूल'चे 'इस्कूल' होते ती हीच क्रिया. परका शब्द आपल्या जिभेवर नीट बसावा म्हणून भाषा त्याला आपल्याकडचा स्वर देते. कार्पांतिए यांच्या शब्दात मात्र एक विसंगती दडलेली आहे. त्यातील 'बायो' म्हणजे जीवन, आणि ही झडप तर मुद्दाम निर्जीव केलेली. ती जीवातून आलेली होती, पण जिवंत नव्हती. जे मेलेले आहे ते आता आणखी काय मरणार? जे कुजू शकत नाही त्यावर काळाचा अंमल तो काय चालणार? हे कोणी इतक्या शब्दांत लिहिले नसेल, पण पुढची चाळीस वर्षे बव्हंशी या गृहीतकाच्या छायेत गेली असे आम्ही म्हणू.

नाकारले जाण्याचा प्रश्न सुटला असे वाटल्यावर झडपेच्या अपयशाचे दुसरे वाचन पुढे आले ते झिजेचे. १९७१ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे मारियान इओनेस्कू यांनी डुकराच्या तयार झडपेऐवजी जनावराच्या हृदयावरणाचा पडदा कापून, तो ग्लुटराल्डिहाइडमध्ये कमावून, चौकटीवर तीन पाकळ्या शिवल्या. रक्तप्रवाहाला ती फार मोकळी होती. पण तिच्या व्यापारी आवृत्तीत पाकळ्या चौकटीला घासत आणि टाक्यांजवळ फाटत. १९८० चे दशक संपायच्या आत ती मागे पडली. तिच्यावरून पुढच्या कारागिरांनी पाकळी चौकटीला कोठे आणि कशी बांधावी याचा धडा घेतला, आणि १९८० नंतरच्या हृदयावरणाच्या झडपा खरोखरच अधिक टिकल्या.

झिजेच्या वाचनाने एक यंत्रही दिले. नवी झडप खाऱ्या पाण्यात ठेवून वेगाने उघडझाप करायला लावतात. ऊतकाच्या झडपेने अशा २० कोटी उघडझापा सोसाव्यात असा आंतरराष्ट्रीय दंडक झाला. हृदयाच्या हिशेबाने ही पाचेक वर्षे झाली. ही चाचणी आवश्यक आहे यात शंका नाही. पण ती काय मोजते आणि काय मोजत नाही, हेही पाहिले पाहिजे. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी नाहीत, साखर नाही, लोह नाही, श्वास नाही. काळाचा तेथे एकच अर्थ आहे, तो म्हणजे आवर्तनांची संख्या. ज्या झडपा यंत्रात तगल्या, त्याच माणसाच्या देहात गेल्यावर वेगळ्याच रीतीने जुन्या होत.

तिसरे वाचन चुन्याचे. काढलेल्या झडपांच्या पाकळ्यांत कॅल्शियम फॉस्फेटचे खडे सापडत. पाकळ्या टणक होत आणि मग चिरत. १९८० च्या दशकात रॉबर्ट लेव्ही, फ्रेडरिक शोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमावलेल्या ऊतकाचे तुकडे उंदरांच्या कातडीखाली पुरून पाहिले. तेथे ना रक्ताचा झोत, ना उघडझाप. तरी काही आठवड्यांतच त्यांत चुना भरला. म्हणजे केवळ ताण हे कारण नव्हे. याची उकल मार्मिक होती. जिवंत पेशी आपल्या आतले कॅल्शियम सतत बाहेर ढकलत असते. बाहेरच्या मानाने आतले प्रमाण सुमारे दहा हजारांश असते. कमावताना पेशी मरते, पण तिचे कवच आणि त्यातील फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थ तेथेच राहतात. बाहेर ढकलणारे कोणी उरले नाही म्हणून कॅल्शियम आत शिरते आणि त्या फॉस्फरसाशी बसकण मारते. ज्या ग्लुटराल्डिहाइडने ऊतक टिकवले, त्याचेच मोकळे राहिलेले अंश या कामी हातभार लावतात, हेही दिसून आले. मग अल्कोहोलने स्निग्ध पदार्थ धुऊन काढणे, मोकळे अंश रसायनाने बंद करणे, असे उपाय आले आणि त्यांचा उपयोगही झाला. कमावण्याची किंमत पहिल्यांदा येथे दिसली: मेलेल्या पेशीला आपले घर राखता येत नाही.

ही किंमत सर्वांना सारखी पडत नाही. वृद्धाच्या देहात ही झडप पुष्कळदा त्याच्या आयुष्याला पुरते. तरुणाच्या, आणि विशेषतः मुलाच्या देहात तिच्यात फार लवकर चुना भरतो. पाश्चात्त्य देशांत झडपेचा रुग्ण मुख्यतः म्हातारा असतो. भारतात मात्र संधिवाताच्या तापाने लहानपणी झडपा खराब झालेल्या तरुण रुग्णांची संख्या मोठी राहिली आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप घडवण्याचे काम झाले, तेव्हा निवड झाली ती यांत्रिक, कलत्या चकतीच्या झडपेची. आधीचे नमुने फसल्यावर डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. पण यांत्रिक झडप म्हणजे जन्मभराचे औषध आणि वरचेवर रक्ततपासणी. ती खेड्यातल्या माणसाला साधेलच असे नाही. त्यातही तरुण स्त्रीचा पेच सर्वांत अवघड. वॉर्फरिन हे औषध गर्भाला बाधक ठरू शकते. ते टाळायचे तर ऊतकाची झडप घ्यायची, आणि ती घेतली तर मूल शाळेत जाण्याच्या वयाचे होईपर्यंत कदाचित आपली छाती पुन्हा उघडावी लागेल, हे मान्य करायचे. झडप का जीर्ण होते हा प्रश्न अशा बाईपुढे अभ्यासकाचा राहत नाही.

आता थोडे मागे, पुन्हा १९६९ कडे जाऊ. कार्पांतिए यांचा वृत्तांत ज्या वर्षी आला त्याच वर्षी अमेरिकेत जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराचे कार्य दाखवून दिले. विषय सर्वस्वी वेगळा होता. श्वासातून आलेला ऑक्सिजन शरीर वापरते तेव्हा त्याचा काही भाग अर्धवट अवस्थेत निसटतो आणि अत्यंत आक्रमक होतो. १९५६ मध्येच डेनहॅम हार्मन यांनी अशा मुक्त मूलकांना वार्धक्याचे कारण ठरवले होते. पण शरीरात त्यांचा निचरा करणारे खास विकर आहे असे कळल्यावर त्यांचे अस्तित्व गांभीर्याने घेतले जाऊ लागले. ही मूलके आणि त्यांना आवरणारी यंत्रणा यांचा तोल बिघडणे, या स्थितीला १९८५ मध्ये हेल्मुट झीस यांनी ऑक्सिडीकारक ताण ही संज्ञा रूढ केली. आपल्या भाषेने ऑक्सिजनला प्राणवायू म्हटले. हा शब्द इतका चपखल बसला की ज्या वायूने लोखंड गंजते, कापलेले सफरचंद काळवंडते आणि आपल्या ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांची पाने पिवळी पडून तुटतात तोही हाच, हे सहज विसरायला होते. जिवंत पेशी या दुहेरी वायूशी क्षणोक्षणी व्यवहार करते: बिघडलेले प्रथिन काढून टाकते, नवे विणते. निर्जीव ऊतकाला ते शक्य नाही.

१९६९ च्या या दोन धाग्यांची गाठ झडपेच्या बाबतीत नीटपणे पडायला चार दशकांहून अधिक काळ लागला. चुन्याचे वाचन करणारे लेव्हीच येथे पुन्हा भेटतात, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. २०१४ मध्ये फिलाडेल्फियातील त्यांच्या गटाने रुग्णांच्या देहातून काढलेल्या झडपा तपासल्या, त्या चुन्यासाठी नव्हे, तर ऑक्सिडीकरणाच्या खुणांसाठी. टायरोसिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू मुक्त मूलकांमुळे एकमेकांना चिकटतात. आणि फेनिलअॅलॅनिनवर हायड्रॉक्सिल मूलकाचा घाव बसला की टायरोसिनचे एक आडवळणाचे रूप तयार होते. प्रथिने विणताना शरीर ते रूप वापरत नाही. म्हणून ते सापडणे ही जणू हस्ताक्षराची ओळख पटणे आहे. पाठचिकित्सा करणारा अभ्यासक प्रतीतील विशिष्ट चुकीवरून लेखनिक ओळखतो, तसेच हे. काढलेल्या झडपांत ही चिन्हे मिळाली. न वापरलेल्या झडपांत ती तशी नव्हती. प्रयोगशाळेत ऑक्सिडीकारक द्रव्यांत ठेवलेल्या ऊतकातील ग्लुटराल्डिहाइडने बांधलेले पूल तुटतात, हेही दिसले. ज्या बंधनावर टिकाऊपणाची सारी भिस्त होती, तेच सुटत होते.

ही मूलके येतात कोठून? एक उगम म्हणजे दाहपेशी. परकेपणाची खूण पुसली असे आपण समजलो होतो. पण न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी काढलेल्या झडपांवर आणि झडपांतही आढळतात. जंतूंना मारण्यासाठी त्या जी ऑक्सिडीकारक रसायने सोडतात, तीच झडपेवर सोडतात. दुसरी शक्यता, पाकळीत रक्त झिरपले तर त्यातल्या लोहाची. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह एकत्र आले की तीव्र ऑक्सिडीकरण होते, हे हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्येच नोंदवले होते. तेव्हा १९६५ चे 'शरीर नाकारते' हे पहिले वाचन चुकीचे नव्हते. ते अपुरे होते. नकार थांबला नव्हता. तो सावकाश, वर्षानुवर्षे चालू राहिला होता.

ऑक्सिडीकरण म्हणजे अखेरचे आणि एकमेव उत्तर, असा मात्र आमचा दावा नाही. २०२० मध्ये लेव्ही आणि न्यूयॉर्कमधील जोव्हानी फेरारी यांच्या गटांनी दाखवले की रक्तातील साखर झडपेच्या प्रथिनांना चिकटते आणि रक्तातील अल्ब्युमिन तिच्यात मुरते, आणि त्यामुळेही कोलॅजेनची वीण बिघडते. २०२२ मध्ये एका मोठ्या युरोपीय अभ्यासाने दुसरे एक कारण पुढे आणले. डुकराच्या आणि गुरांच्या ऊतकावर एक शर्करा असते, ती माणसात नसते. तिच्या विरोधात माणसाचे रक्त जी प्रतिद्रव्ये तयार करते, त्यांचा झडपेतील चुन्याशी संबंध दिसून आला. ही कारणे एकमेकांना पोसतात. शर्करेमुळे दाहपेशी येतात, त्या ऑक्सिडीकरण करतात, त्याने वीण सैल होते, सैल विणीत अल्ब्युमिन आणि चुना शिरतो, आणि कडक झालेली पाकळी पुढच्या ताणाने फाटते. पूर्वीची तिन्ही वाचने यात आपापल्या जागी शिल्लक आहेत. बदलली आहे ती त्यांच्या तळाशी असलेली समजूत. निर्जीव वस्तू काळाच्या बाहेर असते, ही ती समजूत. प्रत्यक्षात जिवंत देहात ठेवलेली निर्जीव वस्तू त्या देहाच्या काळात ओढली जाते. देह रोज स्वतःची डागडुजी करतो, तिला तेवढी करता येत नाही.

याची उलट बाजूची साक्ष रॉस यांच्याच दुसऱ्या शस्त्रक्रियेत आहे. १९६७ मध्ये त्यांनी रुग्णाची स्वतःची फुप्फुसाकडील झडप काढून महारोहिणीच्या जागी बसवली, आणि रिकाम्या झालेल्या जागी मृत माणसाची झडप लावली. ही शस्त्रक्रिया अवघड आहे आणि एका झडपेच्या आजाराचे दोन झडपांच्या प्रश्नात रूपांतर करते. पण हलवलेली झडप जिवंत राहते. मुलाबरोबर ती वाढूही शकते. कमावलेली झडप हे कधीच करू शकणार नाही.

मग करायचे काय? लेव्ही यांच्या गटाने २०१५ च्या सुमारास कमावलेल्या हृदयावरणाला एक फेनॉलवर्गीय ऑक्सिडीकरणरोधक रासायनिक बंधाने कायमचा जोडून पाहिला. हे रसायन खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून घालतात त्या द्रव्याच्या नात्यातले. प्रयोगात ऊतकाचे ऑक्सिडीकरण कमी झाले. हे काम प्रयोगशाळेतले आणि प्राण्यांवरचे आहे. रुग्णाने गोळी घेऊन हेच साधेल, असे यावरून मानू नये. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हृदयविकार टळतो का, हे पाहणाऱ्या मोठ्या चाचणीत २००० साली काहीच लाभ दिसला नव्हता. रक्तातले रसायन आणि झडपेच्या पाकळीत रुजलेले रसायन यांत अंतर आहे.

२००२ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी सरकवून, जनावराच्या हृदयावरणाची झडप महारोहिणीच्या मुखाशी बसवली. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांसाठी आलेली ही रीत २०१९ मध्ये अमेरिकेत कमी जोखमीच्या रुग्णांसाठीही मान्य झाली. छाती उघडावी लागत नाही, म्हणून कमावलेली झडप आता पूर्वीपेक्षा तरुण माणसांकडे चालली आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला झडप पंधरा वर्षे टिकणे पुरेसे होते. साठीच्या माणसाला ते पुरेसे असेलच असे नाही, आणि संधिवाताच्या तापाने ग्रासलेल्या विशीतल्या मुलीला तर नाहीच नाही. साठ वर्षांच्या या शोधाची परीक्षा वृद्धांवर बव्हंशी उत्तीर्ण झाली आहे. तरुणांवरची परीक्षा बाकी आहे, आणि तीत झडप किती उघडझापा सोसते एवढेच मोजून भागणार नाही. ती श्वास घेणाऱ्या देहात किती काळ राहू शकते, हे मोजावे लागेल.